देवघर खोक्यात, झाड दिवाणखान्यात

वाचकांचे प्रश्न

प्रिय ताई,
मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वय 66. मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू यंदा 2025च्या जुलैत जर्मनीला, स्टुटगार्टला गेले. पाच वर्षं तरी राहणार म्हणतात. दिवाळी त्यांची अशीच गेली. लक्ष्मीपूजनाला मुलगा ऑफिसात होता, नात शाळेत. सुनेनं संध्याकाळी दोन पणत्या लावून फोटो पाठवला, झाली दिवाळी.

आता परवा नात व्हिडिओवर सांगते, "आजी, आमच्याकडे नाताळाचं झाड येणार, खरं झाड!" पाच डिसेंबरच्या रात्री म्हणे बूट घासून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी त्यात खाऊ असतो. पुठ्ठ्याचं एक कॅलेंडर आणलंय, त्याची रोज एक खिडकी उघडायची. मी मुलाला विचारलं, "अरे, देवघर लावलंस का?" तर म्हणाला, "आई, ते अजून खोक्यातच आहे. भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला विचारावं लागतं." आणि झाडाला नाही विचारावं लागत? मी काही बोलले नाही, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मला परक्या सणाचं वावडं नाही हो. मुलगा इथे कॉन्व्हेंटमध्ये शिकला, नाताळाच्या कार्यक्रमात माझीच घोंगडी पांघरून मेंढपाळ झाला होता. पण आधी आपलं, मग दुसऱ्याचं, एवढंच माझं म्हणणं.

आमचे हे म्हणतात, तू मध्ये पडू नकोस. सून हल्ली फोनवर कमी बोलते. नाताळात काय करणार, विचारलं तर म्हणाली, "काही नाही आई, सगळं बंद असतं." मी मुलाशी बोलावं का? आणि नातवंडांना इथून काय पाठवू?
— एक आजी, इंदूर

ताई,
तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही झाडाचं आणि खोक्याचंच वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना सूनबाईंच्या त्या एका वाक्यापाशी थबकले. "काही नाही आई, सगळं बंद असतं." तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. मी आधी त्याचंच उत्तर देते, झाडाचं मागाहून.

माझी लेक 2018 साली स्टुटगार्टच्या शेजारीच, एसलिंगनला गेली. पहिल्याच डिसेंबरात मी तिच्याकडे होते, बाळ आठ महिन्यांचं होतं म्हणून. नाताळ म्हटलं की आपल्या इंदूरवाल्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं? लाल चर्चपाशी संध्याकाळची गर्दी, गव्हाणीचा देखावा बघायला लागलेली रांग, त्या रांगेत निम्मेअधिक तुमच्या-आमच्यासारखेच, बाहेर फुगेवाले, आणि परतताना सराफ्याच्या खाऊगल्लीत गरमागरम गराडू, तो तळलेला कंद. नाताळसुद्धा आपल्याला जत्राच वाटते. मी त्याच समजुतीनं विमानात बसले.

आणि सुरुवातीला होतंही तसंच. एसलिंगनच्या नाताळ बाजाराला लागून एक जुन्या काळचा बाजार भरतो. विकणारे तसलेच जुने पेहराव करून उभे, लोहार ऐरणीवर ठोकतोय, दालचिनी-लवंग घालून गरम केलेल्या वाइनचा वास सगळ्या गल्लीत. (मी नुसता वास घेतला. जावयांनी दोन पेले घेतले, तेही मी दुसरीकडे बघत असताना.) मी लेकीला म्हटलं, अगं, हे तर आपल्या राजवाड्यापुढच्या बाजारासारखंच!

मग तो बाजार आवरला. त्या वर्षी तेवीसला रविवार होता आणि रविवारी तिथे दुकानं बंदच. चोवीसला सोमवार, म्हणून आम्ही निवांत. जेवलो, बाळाला झोपवलं, आणि साडेतीनला पिशव्या घेऊन मी आणि लेक निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुपरमार्केटच्या काचेला नाक लावून बघितलं तर आत अंधार. चोवीस तारखेला दुपारी दोनच्या आत दुकानं बंद करायची, असा तिथला कायदा. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कुणी कशाला सांगेल? तिथल्या पोरासोरालाही ते ठाऊक असतं, संक्रांतीला तिळगूळ असतो हे आपण कुणाला सांगतो का? पुढचे 25 आणि 26, दोन्ही सरकारी सुट्ट्या. फ्रिजमध्ये अर्धा पाव, दोन अंडी आणि बाळाचं दूध. साडेचारला काळोख पडला. बर्फ म्हणाल तर नावालाही नाही, नुसता भुरभुर पाऊस.

जावई म्हणाले, घरात बसू, काय त्यात! बसलो. पण समोरच्या इमारतीत खिडकी न् खिडकी उजळलेली, टेबलाभोवती माणसं, आणि खाली रस्त्यावर एक पाऊल वाजत नाही. आपली दिवाळी दारं उघडी टाकून असते. शेजारची पोरं न विचारता चकली उचलतात. त्यांचा हा सण मात्र दार लावून घेऊन करायचा, आपल्या-आपल्यांत, आईवडील-भावंडांत. ज्याचं कुणी तिथे नाही, त्याला त्या संध्याकाळी फार कळतं. माझी लेक इथे असताना घरी पाहुणे नकोत म्हणून कुरकुरायची. ती त्या दिवशी ओट्यापाशी भाजणीचा डबा हातात धरून रडत उभी होती. नेलेल्या भाजणीची थालीपिठं लावली, लोणच्याशी खाल्ली. ती आमची तिथली नाताळची पहिली रात्र.

दुसऱ्या दिवशीचंही सांगते, कारण त्यात चूक माझी होती. करायला काही नाही म्हणून मी घर आवरायला घेतलं. काचेच्या बाटल्या-बरण्या साठल्या होत्या, त्या कोपऱ्यावरच्या काचेच्या डब्यात टाकायला गेले. खळ्ळकन एक, खळ्ळकन दुसरी. तोच वरच्या खिडकीतून एक बाई माझ्यावर ओरडायला लागल्या. मला जर्मन येत नाही, पण ओरडा कळतो. रविवारी आणि सणाच्या दिवशी तिथे काच टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. डब्यावर वेळा लिहिलेल्या असतात. ताई, तेव्हा आपलं इंदूर लागोपाठ दुसऱ्या वर्षी स्वच्छतेत देशात पहिलं आलं होतं. ओला-सुका वेगळा करण्यात मी गल्लीतल्या बायांना धडे देत होते. आणि त्या परक्या गावात कचऱ्यावरून बोलणी खाऊन मी उरलेल्या तीन बाटल्या पदराखाली लपवून परत आणल्या.

त्याच बाई सव्वीसला दाराशी आल्या. हातात थाळी, त्यात घरी केलेली बिस्किटं, चांदण्यांची, चंद्रकोरीची, वरून पिठीसाखर. रागावल्याचं वाईट वाटलं होतं की परक्या देशातली पोरगी, बाळ आणि म्हातारी बघून दया आली, देव जाणे. आता थाळी रिकामी कशी परत द्यायची? लेकीनं दिवाळीच्या डब्यातली तळाशी उरलेली शंकरपाळी भरून दिली. बाईंनी एक शंकरपाळं उचलून उजेडात धरलं, बोटांत फिरवून त्याचे चारही कोपरे बघितले आणि विचारलं, हा साचा कुठे मिळतो? लेकीनं कातणं आणून दाखवलं. त्या दोघी त्यावर वीस मिनिटं बोलल्या, निम्मं खुणांनी.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं: झाडाची काळजी बाजूला ठेवा आणि चोवीस, पंचवीस, सव्वीस या तीन दिवसांची करा. यंदा ते बुधवार, गुरुवार, शुक्रवार आलेत. शनिवारी सत्तावीसला दुकानं उघडतील, अठ्ठावीसला रविवार म्हणून पुन्हा बंद. मुलगा ऑफिसातून ऐकून आला असेलही, तरी सांगाच, की दूध, भाजी, पाव, मुलांची औषधं तेवीसलाच आणून ठेव. अगदीच अडलं तर पेट्रोल पंपावरची आणि मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि फोन सुनेला करा, मुलाला नाही. मुलाकडे ऑफिस आहे, नातीकडे शाळा आहे. जुलैपासून त्या घरात दिवसभर तीन वर्षांच्या पोराशी बोलणारं माणूस कोण, ते तुम्हीच मोजा. तिला देवघराचं विचारू नका, "तिथे आज उजाडलं किती वाजता?" एवढंच विचारा. डिसेंबरात तिथे आठ वाजून जातात उजाडायला. पुढचं ती आपणहून बोलेल.

चोवीसच्या संध्याकाळी तिथे पाच वाजतील, तेव्हा तुमच्याकडे साडेनऊ. (हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, उन्हाळ्यात साडेतीनचा.) त्या वेळी तुम्ही दोघं फोनपुढे बसा. 'कसे आहात, जेवलात का, ठेवू का' असला फोन नको. फोन ओट्यावर उभा करून ठेवा आणि तुमची आवराआवर चालू द्या, तिकडे तिची चालू दे. त्या रात्री तिथल्या बऱ्याच घरांत साधं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज एवढंच असतं, मोठी मेजवानी दुसऱ्या दिवशी. मग तुमच्या सुनेनं उकडलेल्या बटाट्यावर आपला जिरावन मसाला भुरभुरला तर तीही रीतीला धरूनच झाली की!

आता झाड.

मुलाचं बोलणं निम्मं खरं आहे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला तिथे खरंच विचारावं लागतं, आणि घर सोडताना ती भोकं बुजवून द्यावी लागतात. पण देवांना भिंत कशाला लागते? पाटावर मांडता येतात, पुस्तकांच्या कपाटात एक कप्पा मोकळा करता येतो. पाच महिने खोकं उघडलं नाही तो निव्वळ आळस. इतपत मी तुमच्या बाजूनं.

पण झाड मुलांसाठी येतंय. तुमची नात वर्गात नवी, भाषा नवी. सहा डिसेंबरनंतर वर्गात सगळ्या पोरांचा विषय एकच असणार, तुझ्या बुटात काय निघालं? तिच्या बुटात काहीच निघालं नाही, हे तिनं नव्या भाषेत कसं सांगायचं? आणि बुटांची गोष्ट तुम्हाला आवडेल. हा बुटात खाऊ ठेवणारा म्हणजे लाल टोपीचा ढेरपोट्या नव्हे. तो निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप. एका गरीब बापाला तीन मुली होत्या, लग्नाला पैसा नव्हता, तर यानं रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी कथा सांगतात. ही गोष्ट नातीला आजीनंच सांगावी अशी आहे. बूट घासून ठेवावे लागतात हेही बरंच, आपण वर्षभर ओरडूनही जे होत नाही ते एका रात्रीत होतं.

ते खिडक्यांचं कॅलेंडर एक तारखेला सुरू होतं आणि चोवीसला संपतं. त्याच्या जोडीला हिरव्या डहाळ्यांचं एक कडं टेबलावर ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या. नाताळाच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. यंदा हे रविवार आले 30 नोव्हेंबर, 7, 14 आणि 21 डिसेंबर. आणि आपले मार्गशीर्षातले गुरुवार? 27 नोव्हेंबर, 4, 11, 18 डिसेंबर. तेही चार! सूनबाई गुरुवार करत असल्या तर त्या घरात या महिन्यात आठ दिवस दिवा लागेल. मला हे कॅलेंडर आणि कालनिर्णय शेजारी ठेवून मोजताना फार मजा आली, तुम्हीही मोजून बघा.

आणि ताई, राग मानू नका, पण तुमच्याच पत्रात उत्तर आहे. कॉन्व्हेंटच्या बाईंनी मेंढपाळ हवा म्हटल्यावर घोंगडी कुणी दिली? तेव्हा मुलाला तुम्ही म्हणालात का, आधी गणपतीत काम कर, मग तिकडे? नाताळ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून उचलून इतका घरचा केला की आता तो कुणाला परका वाटत नाही. तुमचा मुलगा आज मुलीसाठी झाड आणतोय, त्यात त्या घोंगडीचाही हात आहे.

एक सुचवते, पटलं तर बघा. जर्मनीत भेटवस्तू पंचवीसला सकाळी नाही, चोवीसला संध्याकाळी देतात. त्यांच्या दक्षिण भागात लहान मुलांना सांगतात की त्या बाळ येशू आणून ठेवतो. खोलीचं दार बंद असतं, मुलं बाहेर ताटकळत उभी. आत आई-बाप झाडावरचे दिवे लावतात आणि एक बारीक घंटा वाजवतात. घंटा वाजली की दार उघडायचं. आता तुमच्या मुलाकडे घंटा कुठे आहे? त्या खोक्यात. देवांच्या जोडीला तुम्ही घंटा दिलीच असणार. तर मुलाला एवढंच सांगा, "बाळा, चोवीसला मुलांसाठी घंटा लागेल, ती आपल्या खोक्यात आहे, काढून ठेव." देवघराचा विषय काढू नका. खोकं एकदा उघडलं की वरती घंटा आणि खाली ताम्हनात गुंडाळलेला बाळकृष्ण, तो काही त्याला परत गुंडाळून ठेवणार नाही. पूजेची घंटा तिकडच्या सणाला वाजवणं तुम्हाला रुचत नसेल तर सोडून द्या, वाटीवर चमचा वाजवूनही भागतं. मला विचाराल तर मी वाजवू दिली असती.

पार्सलचं आता झटपट सांगते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात खासगी पार्सलनं पाठवायला मनाई आहे, तेव्हा पेढे, खवा, तुपाची बरणी मनात आणू नका. घरच्या माणसाला भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूंची किंमत 45 युरोच्या आत असेल तर जकात लागत नाही. फॉर्मवर 'घरगुती सामान' असं मोघम न लिहिता जिन्नस आणि किंमत लिहा. लवंगी शेव, जिरावन, भाजणी, तेलातली शंकरपाळी, चिवडा, आणि एक कातणं. दोघा पोरांना एकेक लोकरीची टोपी तुम्ही विणलेली. नातीच्या नावानं एक पत्रही घाला, मोठ्या अक्षरांत, मराठीत, म्हणजे ते वाचून दाखवायला बाप बसेल. आता पाठवलंत तर चोवीसला पोचेलच असा भरवसा धरू नका, आणि पोरांना आधी सांगून वाट बघायला लावू नका. संक्रांतीला पोचलं तरी शेव शेवच असते.

तुमच्या यजमानांना म्हणावं, मी मध्ये पडत नाहीये, फक्त घंटेचं विचारतेय.

ता. क. एक राहिलं. स्टुटगार्टकडे सहा जानेवारीलाही सुट्टी असते, तीन राजांचा दिवस म्हणून. त्या सुमारास मुलं राजांसारखे मुकुट घालून, काठीवर चांदणी लावून घरोघर गाणी म्हणत फिरतात, गरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात, आणि जाताना दाराच्या चौकटीवर खडूनं त्या वर्षाचा आकडा आणि मध्ये तीन अक्षरं लिहून जातात. या घराला आशीर्वाद असो, असा त्याचा अर्थ. वर्षभर ते तसंच ठेवतात. आमच्या इमारतीच्या दारावर त्या बिस्किटवाल्या बाईंनी हौसेनं लिहून घेतलं होतं. मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण आमच्या जावयांना वाटलं गल्लीतल्या पोरांचा वात्रटपणा, आणि संध्याकाळी त्यांनी ओलं फडकं घेऊन सगळं लख्ख पुसून काढलं. इंदूरचे ना!